लोकसंख्येची अट आणि पाड्याची वाट

जनगणना महसुली गाव, म्हणजे महसूल दप्तरात स्वतंत्र हद्द असलेले गाव, हे एकक मानते. परंतु २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वस्ती हे एकक धरले आणि बारमाही, म्हणजे पावसाळ्यातही चालू राहणाऱ्या, रस्त्यासाठी सपाट प्रदेशात ५००, तर डोंगराळ व आदिवासी भागांत २५० लोकसंख्येची अट ठेवली. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात भिल्ल व पावरा कुटुंबे सातपुड्याच्या उतारांवर आपापल्या शेताजवळ पाडे करून राहत असल्याने गावाची लोकसंख्या मोठी असूनही एकेकटा पाडा या अटीत बसेलच असे नसते. मुख्य वस्तीला रस्ता मिळताच गाव जोडले गेल्याची नोंद होऊ शकते. वरच्या पाड्यावरील रुग्णाला मात्र झोळीतूनच खाली आणावे लागते, आणि ही गंभीर उणीव गावनिहाय आकड्यांत दिसत नाही.