शेतातून जाणारी तेलवाहिनी : जमीन, पाणी आणि मोबदल्याचा हिशेब

पाईपलाईन म्हटले की आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रवरा, मुळा किंवा गोदावरीच्या काठावरून शेतावर आणलेली पाण्याची पाईपलाईन येते. अलीकडे मात्र दुसऱ्याच प्रकारच्या वाहिन्या आपल्या शिवारातून जाऊ लागल्या आहेत. इंडियन ऑईल कंपनीची कोयली-अहमदनगर-सोलापूर ही सुमारे ७५० कि.मी. लांबीची वाहिनी त्यांपैकी एक होय. वडोदऱ्याजवळील कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून पेट्रोल व डिझेल मनमाड, अहिल्यानगरजवळील अकोळनेर आणि सोलापूर येथील डेपोंपर्यंत नेण्यासाठी ती आखण्यात आली. तिची वार्षिक क्षमता ५० लाख टन आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड वाहिनी १९९० च्या दशकातच आली व पुढे ती दिल्लीतील बिजवासनपर्यंत वाढविण्यात आली.

अशी वाहिनी देशाच्या फायद्याची की शेतकऱ्याच्या तोट्याची, हा वाद गावोगाव ऐकू येतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून प्रत्येक बाजूचा हिशेब नीट समजून घेणे हिताचे ठरेल.

वाहिनीच्या बाजूने

एक हजार टन डिझेल म्हणजे सुमारे १२ लाख लिटर. तेवढे रस्त्याने न्यावयाचे तर २० हजार लिटरचे ६० टँकर लागतात आणि ते रिकामे परत येतात. वाहिनीतून तेच तेल पंपाच्या जोरावर, रस्ता न अडवता, दिवसरात्र वाहते. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. टँकर उलटून शेतात किंवा ओढ्यात तेल सांडणे, आग लागणे, वाहनांचा धूर हे सर्व कमी होते.

टँकरमधील तेलचोरी व भेसळ हा प्रश्नही लहान नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. तेव्हा या धंद्याची पाळेमुळे किती खोल गेली आहेत हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अर्थात वाहिनीला भोक पाडून चोरी करणारेही आहेत व अशा चोरीतून गळती आणि आग दोन्हींचा धोका संभवतो.

पाण्याचा धोका

पोलादी नळीला गंजरोधक वेष्टन असते, विद्युत पद्धतीने गंज रोखला जातो आणि दाब अचानक घटल्यास झडपा बंद करण्याची सोय असते. त्यामुळे गळती वारंवार होत नाही. परंतु झाल्यास तिचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी मुरूम व भेगांमधून वाहते. त्याच वाटेने डिझेल विहिरीपर्यंत पोहोचू शकते आणि एकदा दूषित झालेली विहीर सहजासहजी शुद्ध होत नाही.

अमेरिकेतील कीस्टोन एक्सएल या नियोजित वाहिनीविरुद्ध नेब्रास्का राज्यातील शेतकऱ्यांनी याच मुद्द्यावर आवाज उठविला, कारण त्यांची शेती ओगलाला नावाच्या भूजल साठ्यावर अवलंबून आहे. प्रथम तेथील नाजूक वालुकामय भाग टाळून मार्ग बदलावा लागला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये वाहिनीचा परवानाच रद्द झाला. याउलट तमिळनाडूत गेल कंपनीच्या वायुवाहिनीला शेतकऱ्यांसह राज्य शासनाने विरोध केला, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. आखणी ठरून गेल्यावर विरोध करणे किती अवघड असते, हे यावरून ध्यानात येईल.

जमिनीवर होणारा परिणाम

चर साधारणतः दीड मीटर किंवा त्याहून खोल खणला जातो. वरच्या ३० सें.मी. थरात सेंद्रिय पदार्थ व उपयुक्त जिवाणू असतात, तर आपल्या भारी जमिनीच्या खालच्या थरात चुनखडी व मुरूम आढळतो. चर बुजवताना दोन्ही थर मिसळले तर चुनखडी वर येते. मग उसाची किंवा सोयाबीनची पाने पिवळी पडून लोह व जस्ताची कमतरता दिसू लागते. अवजड यंत्रांच्या वजनाने चराच्या बाजूची माती घट्ट दबते व पाणी साचते. बुजविलेला चर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत खचतो, त्यामुळे पाटपाण्याचा उतार बिघडतो. याशिवाय बांध फुटणे, ठिबकच्या नळ्या तुटणे हे ओघानेच आले.

कायदा काय सांगतो?

या कामासाठी १९६२ चा पेट्रोलियम व खनिज वाहिन्या (जमिनीतील वापर हक्क संपादन) कायदा लागू आहे. यात जमीन विकत घेतली जात नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो, फक्त साधारणतः १८ मीटर रुंदीच्या पट्ट्याच्या वापराचा हक्क घेतला जातो. वाहिनी किमान एक मीटर खोल असली पाहिजे. अधिसूचनेपूर्वीपासून असलेले पक्के बांधकाम, राहती जागा व घराचे आवार यांखालून ती नेता येत नाही.

पट्ट्यात पूर्वीप्रमाणे पिके घेता येतात. परंतु तीन गोष्टींना कायमची मनाई आहे : बांधकाम करणे, विहीर, तळे किंवा बंधारा करणे, आणि झाड लावणे. ज्वारी, कांदा, ऊस चालतो. डाळिंब, लिंबू, आंबा आणि शेततळे चालत नाही. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही अटच सर्वांत महाग पडते.

मोबदल्याचा हिशेब

मोबदल्याचे दोन भाग असतात. पहिला, प्रत्यक्ष नुकसान : उभी पिके, काढलेली झाडे, जमिनीचे तात्पुरते विभाजन, इतर मालमत्तेचे किंवा उत्पन्नाचे नुकसान. दुसरा, अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम. समजा, पट्टा १०० मीटर लांब व १८ मीटर रुंद आहे, म्हणजे १८ आर. हेक्टरी बाजारभाव २० लाख रुपये धरल्यास पट्ट्याची किंमत ३ लाख ६० हजार होते आणि वापर हक्कापोटी ३६ हजार रुपये मिळतात.

हंगामी पिके घेणाऱ्यास हा व्यवहार परवडू शकेल. परंतु ज्याच्या दोन एकरांच्या मधोमध पट्टा जातो आणि विहिरीची एकमेव योग्य जागा त्यात अडकते, त्याची पुढील पिढीची बागायतच थांबते. स्वस्त वाहतुकीचा लाभ सर्वांना मिळतो, मात्र हा भार मोजक्या शेतकऱ्यांवर पडतो. फळबाग व सिंचनाच्या गमावलेल्या संधीचा विचार सरसकट १० टक्क्यांत होत नाही, ही या कायद्यातील मोठी उणीव आहे. तिच्यावर शेतकरी संघटना व लोकप्रतिनिधींनी बोलले पाहिजे.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. अधिसूचनेच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी व सुनावणीस हजर राहावे. मार्ग बदलून मागण्याची खरी संधी हीच होय.

२. हरकतीत केवळ विरोध न नोंदविता विहीर, बोअर, शेततळे व फळबागेचा नकाशा जोडावा आणि वाहिनी बांधाच्या कडेने नेता येईल का, हे दाखवून द्यावे.

३. काम सुरू होण्यापूर्वी पिके, झाडांची संख्या व वय, बांध, ठिबक आणि जुन्या पाईपलाईनीचा पंचनामा छायाचित्रांसह करून घ्यावा. पीकपाहणीची नोंद अद्ययावत ठेवावी.

४. वरची माती वेगळी ठेवून शेवटी वर पसरावी, ही अट लेखी घ्यावी व खोदाईच्या वेळी स्वतः हजर राहावे.

५. काम संपल्यावर पट्ट्यातील मातीचा नमुना वेगळा तपासावा. पहिल्या हंगामात ताग किंवा धैंचा गाडावा व भरपूर शेणखत द्यावे. परीक्षणानुसार फेरस सल्फेट व झिंक सल्फेट शेणखतात मुरवून वापरावे.

६. नेहमीच्या नांगरटीस हरकत नाही. मात्र जेसीबीने खोदाई, सुरुंग किंवा खोल सबसॉयलर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. डिझेलचा वास, पाण्यावर तवंग किंवा अनोळखी खोदकाम दिसल्यास खुणेच्या खांबावरील दूरध्वनी क्रमांकावर त्वरित कळवावे.

७. मोबदला मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. निर्णयाची प्रत व तारीख जपून ठेवावी, कारण तेथेही मुदत असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शिवारात लाल-पांढरे खांब दिसू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा मोजणीची माणसे प्रथम येतील त्याच दिवशी गट नंबर, पट्ट्याची रुंदी आणि विहिरीपासूनचे अंतर विचारून वहीत लिहून ठेवावे. हरकतीच्या २१ दिवसांत हीच वही सर्वाधिक उपयोगी पडेल.