झाशीचा प्रस्ताव वर कसा जातो
नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधली मंजुरीची साखळी

झाशी हा रेल्वेचा विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेत होता. तिकडच्या एखाद्या स्टेशनावर छत हवे असेल, तर त्याची फाइल मुंबईला बोरीबंदरच्या मुख्यालयात यायची. १ एप्रिल २००३ पासून झाशी, आग्रा आणि अलाहाबाद हे तीन विभाग उत्तर मध्य रेल्वेत आले. या रेल्वेचे मुख्यालय आजच्या प्रयागराजला आहे. मधले गाव बदलले, पण पायऱ्या त्याच राहिल्या: विभाग, क्षेत्रीय मुख्यालय आणि त्यावर दिल्लीचे रेल्वे बोर्ड. आता या पायऱ्या संगणकावर चढायच्या असतात. व्यवसायाच्या नियोजनात ‘मंजुरीची साखळी’ म्हणतात ती कशी चालते, हे समजून घ्यायला रेल्वेइतके चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

ललितपूरचे छत

रेल्वेची नवी कामे ‘आयआरपीएसएम’ नावाच्या प्रणालीतून प्रस्तावित होतात. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ती तयार केली आहे. समजा, झाशी विभागातल्या ललितपूर स्टेशनावर फलाटाचे छत वाढवायचे आहे. विभागातला अधिकारी लॉगिन करून प्रस्ताव भरतो. त्यात कामाचे नाव, ठिकाण, ढोबळ खर्च, गरज का आहे याचे समर्थन आणि ‘प्लॅन हेड’ हे सगळे येते. प्लॅन हेड म्हणजे खर्चाचा ठरलेला कप्पा. रूळ बदलणे ३१ मध्ये, प्रवासी सुविधा ५३ मध्ये. कप्पा चुकला तर प्रस्ताव भलत्याच रांगेत जाऊन बसतो, म्हणून जुनी माणसे आधी तोच तपासतात.

पुढे तो वित्त शाखेकडे जातो. तिथला अधिकारी खर्चाचा हिशेब आणि समर्थन पडताळतो. रेल्वेत याला ‘व्हेटिंग’ म्हणतात. मग विभागाचे प्रमुख, म्हणजे डीआरएम. तिथून प्रयागराजला संबंधित खात्याचे प्रमुख, तिथली वित्त शाखा आणि महाव्यवस्थापक. काम त्यांच्या अधिकारात बसत नसेल, तर रेल्वे बोर्ड. मंजूर झालेली कामे अखेर अर्थसंकल्पाबरोबर येणाऱ्या ‘पिंक बुक’मध्ये दिसतात.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वित्ताचा माणूस प्रत्येक पायरीवर बाजूला बसलेला असतो. विभागात आहे, मुख्यालयात आहे, बोर्डातही आहे. ज्याला काम हवे आहे तो आणि ज्याने पैशाला होकार द्यायचा तो, हे दोघे वेगळे ठेवलेले आहेत. सॉफ्टवेअर कोणतेही असो, साखळीचा कणा हाच.

प्रस्ताव आत्ता कुणाच्या हातात?

अशा प्रणालीत प्रत्येक प्रस्तावाला एका वेळी एकच धनी असतो. तुम्ही ‘पुढे पाठवा’ दाबले की तुमचा बदल करण्याचा अधिकार संपतो. प्रस्ताव तुम्हाला दिसत राहतो, पण आकडा हलवता येत नाही. कागदी फाइलीत हे आपोआप व्हायचे, कारण फाइल टेबलावरून उठलेली असायची. संगणकात ते मुद्दाम घडवावे लागते. तसे केले नाही, तर डीआरएम एका रकमेवर सही करतील आणि खाली कुणी दुसरीच रक्कम भरून ठेवील.

कंपन्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकासाठी वापरले जाणारे ओरॅकलचे नियोजन सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. त्यातले नियोजनाचे एकक तीन गोष्टींनी ठरते: कोणता आराखडा, कोणती आवृत्ती आणि कोणती शाखा. उदाहरणार्थ, ‘पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक, पहिला मसुदा, झाशी शाखा’. प्रत्येक एककाला मालक, तपासणारे आणि वर जाण्याची वाट नेमून दिलेली असते. ‘सुरू नाही’, ‘तपासणीत’, ‘मंजूर’ अशी त्याची स्थिती पडद्यावर दिसते. मंजूर झालेल्या आकड्याला, तो पुन्हा खाली पाठवल्याशिवाय, शाखेतल्या कुणालाही हात लावता येत नाही.

वाटही दोन प्रकारची असते. आकडे खालच्या शाखेने भरायचे आणि ते वर चढत जायचे, ही एक. वरून रक्कम ठरवून ती खाली वाटत न्यायची, ही दुसरी. प्रत्यक्षात दोन्ही लागतात. खालून मागण्या येतात, वरून मर्यादा येते आणि मधल्या पायरीवर त्यांची गाठ पडते.

परत येण्याची वाट

चांगली प्रणाली ओळखायची ती नकारावरून. नुसते ‘परत’ एवढेच लिहून आलेला प्रस्ताव खालच्या माणसाचा आठवडा खातो. नेमके काय कमी पडले, हे त्याला फोन करकरून शोधावे लागते. ‘समर्थनातील प्रवासीसंख्या कोणत्या वर्षाची आहे? वाणिज्य शाखेकडून खात्री करून पाठवावे’ असा शेरा असेल, तर त्याच दिवशी पूर्तता होऊ शकते. म्हणून शेऱ्याचा रकाना सक्तीचा हवा आणि आधीचे शेरे कुणालाही पुसता येता कामा नयेत. कुणी, केव्हा, काय लिहिले याची ही नोंद म्हणजे प्रणालीचा सगळ्यात मोलाचा भाग. वर्षभराने लेखापरीक्षक आला की तो आधी तीच पाहतो.

अधिकारांचा तक्ता

साखळी किती लांब, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते ठरते अधिकारांच्या तक्त्यावरून: कोणत्या पदाने कोणत्या प्रकारच्या कामाला किती रुपयांपर्यंत मंजुरी द्यायची. रेल्वेत त्याला ‘शेड्यूल ऑफ पॉवर्स’ म्हणतात. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याशी संबंध आलेल्यांना प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांच्या मर्यादा ठाऊक असतात, गोष्ट तीच. कारखान्यांतल्या ‘सॅप’ या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीसाठी ‘रिलीज स्ट्रॅटेजी’ असते. रक्कम टाकली की कुणाची मंजुरी लागेल, हे यंत्रच ठरवते.

इथे एक पळवाट जुनीच आहे. मर्यादा ओलांडू नये म्हणून एका कामाचे दोन तुकडे करायचे. सरकारी वित्तीय नियमांना हे मान्य नाही. सॉफ्टवेअरची इथे खरी मदत होऊ शकते: एकच ठिकाण, एकच कप्पा आणि थोड्या दिवसांच्या अंतराने आलेले दोन प्रस्ताव ते शेजारीशेजारी दाखवू शकते. मात्र ते तुकडे आहेत की खरोखर दोन कामे आहेत, हे माणसानेच ठरवायला हवे.

गाडी अडते कुठे

बहुतेकदा मधल्या पायरीवर. अधिकारी रजेवर गेला, बदलीवर गेला आणि त्याचा कार्यभार प्रणालीत कुणाच्या नावावर केलाच नाही. बाहेर दुसरा माणूस खुर्चीवर बसलेला असतो, पण प्रस्ताव गेलेल्याच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. दुसरा अडथळा अधिक चिवट आहे: किरकोळ खर्चालाही पाच-सहा जणांची मंजुरी ठेवणे. अशा वेळी प्रत्येक जण ‘पुढचा बघेल’ म्हणून बटण दाबतो, आणि शेवटचा ‘आधीच्यांनी पाहिले आहे’ म्हणून. मंजुऱ्या पाच होतात, तपासणी एकदाही होत नाही. कागद जाऊन संगणक आला म्हणून हा दोष जात नाही. आता फक्त प्रस्ताव कुठे किती दिवस थांबला ते स्पष्ट दिसते. ते दिसूनही पायऱ्या कमी करण्याचा निर्णय वरच्यांनी घेतला नाही, तर वेळ तेवढाच जातो.

लहान कारखाना, सहकारी संस्था किंवा शाळा चालवणाऱ्यांनी असे सॉफ्टवेअर घेण्याआधी एका कागदावर तक्ता लिहून काढावा. किती रुपयांपर्यंत कोण, त्याच्या गैरहजेरीत कोण, किती दिवसांत, आणि पैशाची तपासणी कोण करणार. हा तक्ता एका पानात मावत नसेल, तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला बोलावण्याआधी मंजुऱ्या कमी करा.