उत्तराला पत्ता हवा

निग्रोनी या कॉकटेलचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. जिन 30 मिलीलिटर, कॅम्पारी 30 मिलीलिटर आणि गोड लाल व्हर्मुथ 30 मिलीलिटर. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत यादीत ते असेच आहे आणि असंख्य पुस्तकांत तेच छापलेले आहे. त्यामुळे एखाद्या एआय सहायकाला निग्रोनीची कृती विचारली तर तो बहुधा बरोबरच सांगेल. पण हे बरोबर असणे कशाच्या आधारावर उभे आहे, ते पाहायला हवे. भाषेचे मॉडेल कृती कुठून वाचून दाखवत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी अफाट मजकूर त्याच्यापुढून जातो, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती हे त्यात मुरते, आणि त्या संभवांतून ते उत्तर रचते. एकच प्रमाण पुन्हा पुन्हा समोरून गेले असेल तर उत्तर नेमके येते. ज्या पेयाच्या चार कृती चार ठिकाणी वेगवेगळ्या आहेत, तिथे चारींची सरमिसळ होऊन पाचवीच तयार होऊ शकते, आणि तीही तितक्याच ठाम भाषेत. वाचणाऱ्याला दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात.

या सहायकांना बाहेरच्या माहितीसाठ्यांशी जोडायचे काम सध्या जोरात चालू आहे. हवामान, नकाशे, कार्यालयातल्या फायली, आणि त्याच ओघात कॉकटेलच्या कृतीही. अशा जोडणीचे कौतुक बहुतेकदा यंत्राला आणखी माहिती मिळाली म्हणून केले जाते. मला तो भाग दुय्यम वाटतो. जोडणीमुळे उत्तराला पत्ता मिळतो, ही खरी कमाई आहे. हे प्रमाण अमुक साठ्यातल्या अमुक क्रमांकाच्या नोंदीतून आले, असे सांगता आले की ते पडताळता येते आणि चुकले असेल तर जागच्या जागी दुरुस्त करता येते. पण पत्त्याबरोबर जबाबदारीही त्या ठिकाणी जाते. आजवर जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ती नोंद भरणाऱ्याची मेहनत आता उत्तराचा पाया ठरते, आणि तिची कदर आपण फारच कमी करतो. कॉकटेल हा विषय हलका वाटेल. मात्र प्रमाण, घटक, भांडे आणि क्रम एवढ्याच गोष्टींचा तो बनलेला असल्यामुळे जोडणीचे गुणदोष इथे उघड्या डोळ्यांना दिसतात.

द कॉकटेल डीबी हा असा एक साठा आहे. लोकांनी भरलेला, सर्वांना खुला, आणि दुसऱ्या प्रोग्रामने थेट प्रश्न विचारावा अशी सोय असलेला. नावावरून शोध, पहिल्या अक्षरावरून यादी, एखाद्या घटकावरून गाळणी, क्रमांकावरून पूर्ण नोंद आणि वाटेल ते एखादे पेय, अशा मोजक्या पद्धतींनी त्याला विचारता येते. त्यात मार्गारीटाचा क्रमांक 11007 आहे. पूर्वी असा साठा जोडायचा तर प्रत्येक सहायकासाठी वेगळा जुळणीचा प्रोग्राम लिहावा लागे. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी, ही खुली पद्धत जाहीर केली आणि 2025 मध्ये ओपनएआय व गूगल यांनीही ती स्वीकारली. साठ्यासाठी एक छोटा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, एकदा लिहिला की ही पद्धत पाळणारा कोणताही सहायक तो वापरू शकतो. सर्व्हर आपल्याकडच्या साधनांची यादी देतो: साधनाचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतले वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते. मॉडेल स्वतः कुठे जात नाही. हे साधन या शब्दासह वापरावे, एवढे ते लिहून देते. भोवतीचा प्रोग्राम ती मागणी सर्व्हरकडे नेतो, सर्व्हर साठ्याला विचारतो, आणि आलेली नोंद मॉडेलपुढे ठेवली जाते.

या सगळ्यात वर्णनाच्या त्या दोन ओळींना फार महत्त्व आहे. घटकावरून गाळणी केली की हा साठा पेयाचे नाव, चित्र आणि क्रमांक एवढेच देतो. प्रमाणे देत नाही. प्रमाणांसाठी तो क्रमांक घेऊन दुसऱ्यांदा विचारावे लागते. सर्व्हर लिहिणाऱ्याने वर्णनात हे नमूद केले नाही, तर ‘घरी जिन आहे, काय करता येईल?’ या प्रश्नावर मॉडेल दहा नावे साठ्यातून आणेल आणि त्यांची प्रमाणे स्वतःच्या मुरलेल्या संभवांतून भरेल. उत्तर साठ्यातून आल्यासारखे दिसेल आणि निम्मे तसे नसेल. मुळीच न जोडलेल्या सहायकापेक्षा असा अर्धवट जोडलेला सहायक जास्त फसवा, कारण तिथे वाचकाचा संशयही गळून पडतो. उलट नीट बांधलेली जोडणी जे देते ते मॉडेलला एकट्याने देणे फार अवघड असते: नकार. साठ्यात नसलेले नाव विचारले तर रिकामे उत्तर येते, आणि त्या आधारावर ‘अशी नोंद इथे नाही’ असे सहायक सांगू शकतो.

आता नोंदीकडे वळू. या साठ्यात प्रत्येक पेयाला घटकांचे पंधरा रकाने आणि प्रमाणांचे पंधरा रकाने आहेत. प्रमाणाच्या रकान्यात आकडा नसतो, मजकूर असतो: दीड औंस, एक शॉट, एक डॅश, अर्ध्या लिंबाचा रस. माणसाला तो वाचता येतो. यंत्राला आठ पाहुण्यांसाठी गुणाकार करायचा असेल तर आधी अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावला की अंदाज पुन्हा आत शिरतो. अमेरिकी द्रव औंस 29.57 मिलीलिटरचा, ब्रिटिश 28.41 मिलीलिटरचा, एका पेल्यात हा फरक नगण्य आहे. लिंबाचे तसे नाही. अमेरिकी बारमध्ये वापरले जाणारे हिरवे, बिनबियांचे लिंबू आपल्या कागदी लिंबापेक्षा बरेच मोठे असते, म्हणून ‘अर्ध्या लिंबाचा रस’ पुण्यातल्या स्वयंपाकघरात निराळाच भरतो. डायकिरी हे पेय रम, लिंबू आणि साखर या तिघांच्या तोलावर उभे असते. संघटनेच्या यादीत त्यासाठी रस 20 मिलीलिटर असा लिहिलेला आहे, आणि तो तसाच लिहायला हवा.

नोंदीतली ही ढिलाई संगणकाने आणलेली नाही. कॉकटेलची छापील व्याख्या 13 मे 1806 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रात आली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. त्यात प्रमाण नव्हतेच. 1862 मध्ये जेरी थॉमसने बारटेंडरांसाठी पुस्तक काढले, त्यात वाइनचा पेला हे माप होते. तो पेला सुमारे दोन औंसांचा, आजच्या पेल्याच्या मानाने अगदी लहान. आजचा पेला समजून कोणी कृती केली तर बेत बिघडलाच. सर्वांत बोलके उदाहरण झॉम्बी या पेयाचे आहे. 1930 च्या दशकात हॉलीवूडमध्ये डॉन बीच याने ते काढले आणि कृती चोरीला जाऊ नये म्हणून घटकांना सांकेतिक नावे दिली. त्याचे बारटेंडरसुद्धा क्रमांक घातलेल्या बाटल्यांतून ओतत. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसे. पुढे झॉम्बीच्या नावाखाली जगभर काहीही विकले गेले. जेफ बेरी या संशोधकाने जुन्या टिपणवहीवरून माग काढला आणि ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक, असा उलगडा 2007 मध्ये प्रसिद्ध केला. कृती कागदावर होती, पण तिच्यातले एक नाव कुठेच पोहोचवत नव्हते, आणि तेवढ्यावरून सत्तर वर्षे ती निरुपयोगी राहिली. बेरीने केले ते काम कोणतेही मॉडेल मजकूर घुसळून करू शकले नसते, कारण उत्तर त्या मजकुरात नव्हतेच.

यावर बारच्या मागे उभे राहणारे लोक एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. चव रकान्यात मावत नाही. चांगला बारटेंडर लिंबू चाखतो, बर्फ किती वितळतो ते पाहतो आणि त्याप्रमाणे हात कमी-जास्त करतो. हे मान्यच आहे. पण हात कमी-जास्त करायचा तर कशापासून, हे ठरलेले असावे लागते. गिमलेटचे पाहा. 1930 च्या सॅव्हॉय कॉकटेल बुकात प्लिमथ जिन आणि रोझेस कंपनीचा गोड लिंबूरस निम्मे-निम्मे आहे. आजचे बरेच बार ताजा रस व साखरेचा पाक थोडा आणि जिन त्याच्या कितीतरी पट घेतात. दोन्ही गिमलेटच. जिभेचा निवाडा इथे शेवटचा आहेच, पण त्याआधी कोणते गिमलेट, कोणत्या काळचे, कोणाच्या पुस्तकातले हे सांगता आले पाहिजे. साठ्यात एका नावाखाली एकच नोंद ठेवली तर हा फरक पुसला जातो. दोन नोंदी त्यांच्या उगमासह ठेवल्या तर सहायक दोन्ही पुढे ठेवू शकतो, आणि निवड जिथे व्हायला हवी तिथे, पिणाऱ्याकडे आणि बनवणाऱ्याकडे राहते.

दुसरा आक्षेप असा की लोकांनी भरलेल्या साठ्यातच चुका असतात, मग त्याला जोडून काय मिळवले? चुका असतात, यात वाद नाही. फरक त्या चुकांच्या स्वभावात आहे. नोंदीतली चूक प्रत्येकाला तीच मिळते. कोणाच्या तरी लक्षात येते, एकदा दुरुस्त झाली की पुढच्या सर्व उत्तरांतून जाते. मॉडेलच्या आतली चूक एकाला येते, दुसऱ्याला येत नाही, आणि ती नेमकी कुठे बसली आहे हे बनवणाऱ्यालाही दाखवता येत नाही. तरीही हा युक्तिवाद एका अटीवर टिकतो. नोंद कोणी तपासली आणि शेवटचा बदल कधी झाला हे दिसले पाहिजे, आणि सहायकाने ते उत्तराबरोबर सांगितले पाहिजे. पत्ता लपवणारी जोडणी मला तरी मान्य नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती साठ्यात नसलेल्या रकान्यांची. पेय मद्ययुक्त आहे की नाही, याला रकाना आहे. त्यात अंडे आहे का, याला नाही. व्हिस्की सावर आणि पिस्को सावर यांत अनेकदा अंड्याचा पांढरा भाग घालतात. ब्लडी मेरीत वूस्टरशर सॉस असतो आणि पारंपरिक वूस्टरशरमध्ये अँकोव्ही मासे असतात. माई ताईत बदामाचे सरबत असते. शाकाहारी माणसाने किंवा बदामाची ॲलर्जी असलेल्याने ‘मला चालेल का?’ असे विचारले तर नोंद गप्प बसते, आणि त्या शांततेचा अर्थ ‘चालेल’ असा लावला जाण्याचा धोका खरा आहे. मद्याच्या मात्रेचेही तसेच. संघटनेच्या मार्गारीटात 50 मिलीलिटर टकीला आणि 20 मिलीलिटर ट्रिपल सेक असते. दोन्ही 40 टक्क्यांची धरली तर शुद्ध मद्यार्क 28 मिलीलिटर, म्हणजे सुमारे 22 ग्रॅम होतो. 10 ग्रॅमचे एक प्रमाणित पेय हे माप लावले तर एका पेल्यात दोनहून अधिक. ट्रिपल सेक मात्र बरेच सौम्यही मिळते, म्हणून बाटलीवरचा आकडा हाती नसेल तर हा हिशोब करता येत नाही. आकडे नीट असतील तर तो क्षणात होतो, आणि गाडी चालवायची की नाही हे ठरवणाऱ्याला कृतीइतकाच तो गरजेचा आहे. कायदाही नोंदीबाहेरच असतो. कडक मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची अट 25 ची आणि शिवाय परवाना, गोव्यात अट 18 ची. पाककृतीच्या साठ्याने हे सारे स्वतःत भरावे असे नाही. सहायकाने मात्र आपल्यापुढची नोंद कुठे संपते ते ओळखून तसे सांगायला हवे.

जोडणीचा एक धोका थोडक्यात नोंदवतो. कोणालाही भरता येणाऱ्या नोंदीत कृतीच्या जागी कोणी सहायकालाच उद्देशून हुकूम लिहून ठेवू शकतो, आणि बेसावध सहायक तो पाळू शकतो. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला सर्व्हर आपल्या संगणकावर चालवणे म्हणजे त्याला आपल्या फायलींपर्यंत वाट देणे. म्हणून आलेला मजकूर माहिती म्हणूनच हाताळणे आणि सर्व्हरला वाचण्यापुरतीच मुभा ठेवणे, एवढी शिस्त तरी पाळलीच पाहिजे.

मराठी वाचकासाठी या सगळ्याचा थेट संबंध गोव्याशी येतो. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आज फेणीची कॉकटेले गोव्यातल्या बारमध्ये होतात. त्यांची नोंद कोणी आणि कशी करणार, हा प्रश्न खुला आहे. ती इंग्रजी साच्यात ‘एक शॉट फेणी’ अशी गेली तर झॉम्बीची गत तिचीही होईल, कारण फेणी काजूची असते आणि माडाचीही, आणि दोघींचा गंध व चव पूर्ण वेगळी. द कॉकटेल डीबीच्या नोंदीत कृतीसाठी स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच, इटालियन यांचे रकाने आहेत. कोकणी आणि मराठीचेही करता येतील. काजूच्या बोंडांच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून उर्राक निघते, ती फेणीपेक्षा बरीच सौम्य. तिच्यात सोडा, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. फेणीचे प्रमाण उर्राकला लावले तर पेय पांचट होईल, उर्राकचे फेणीला लावले तर डोक्यात जाईल. दोन्हींची तीव्रता टक्क्यांत, रस मिलीलिटरमध्ये आणि मिरची नगांत लिहावी लागेल. शिवाय उर्राक काजूच्या हंगामात, उन्हाळ्याच्या त्या थोड्या महिन्यांतच मिळते. तेव्हा तिच्या नोंदीला हंगामाचा रकानाही लागेल, आणि तो आजच्या साठ्यात नाही.