तयार पीठ कीं घरचें दळण?

आमच्या भडगांवीं कळण्याच्या भाकरीसाठीं ज्वारींत उडीद किती घालावे, याविषयीं प्रत्येक घराचें मत निराळें. ज्यास आपलेंच प्रमाण हवें त्यानें धान्य घेऊन गिरणीवर जावें. ज्यास सवड नाहीं त्यानें तयार पीठ आणावें. सर्व्हर, म्हणजे अनेकांच्या मागणीस रात्रंदिवस उत्तर देणारा संगणक, चालविणारापुढें हाच प्रश्न वारंवार उभा राहतो.

सॉफ्टवेअर प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात, तो सोर्स. त्याचें यंत्रास कळेल असें रूपांतर केलें म्हणजे बायनरी होते. फ्रीबीएसडी ही प्रणाली १९९३ पासून प्रसिद्ध होत आहे. तींत 'पीकेजी' ही आज्ञा तयार बायनरी आणून बसविते, तर 'पोर्ट्स' या संग्रहांत तीस हजारांहून अधिक सॉफ्टवेअरें सोर्सवरून बांधण्याच्या कृती दिलेल्या आहेत.

नवी आवृत्ति बसविण्याची एवढी निकड कां? ७ एप्रिल २०१४ रोजीं ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. सुमारें दोन वर्षें तो तेथें नांदत होता, व त्यांतून सर्व्हरच्या स्मृतींतील परवलीचे शब्द परक्यास वाचतां येत होते. तयार पॅकेजें वापरणारांस दुरुस्ती लवकर बसवितां आली. ज्यांनीं ओपनएसएसएल दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटांत बांधून टाकलें होतें, त्यांस तें सारें फिरून बांधावें लागलें.

परंतु नवें तें सारें निर्दोष, असेंहि नाहीं. २७ जून २०१७ रोजीं न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाच्या टर्मिनलचें काम 'नॉटपेट्या'नें विस्कळीत झालें. त्याचें मूळ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तींत होतें. कोणी दुष्टानें तींतच विष कालविलें होतें. पुढें तें पसरलें त्या वाटांपैकीं एक विंडोजमधील दोषाची, आणि त्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती! सोर्स हातीं आला म्हणून निर्धास्त राहावें, तर मार्च २०२४ मध्यें 'एक्सझेड' या साधनाच्या वितरित सोर्समध्येंच चोरवाट आढळली. लॉगिन होण्यास अर्धा सेकंद अधिक कां लागतो, याचा छडा लावतां लावतां आंद्रेस फ्रॉइंड यांस ती सांपडली.

आतां आमची फजिती. एनजिनेक्स या वेब सर्व्हरमध्यें आम्हांस एक जादा सोय हवी होती, म्हणून तेवढाच पोर्ट्समधून बांधला. कांहीं महिन्यांनीं 'पीकेजी अपग्रेड' चालविलें, आणि त्यानें आमचें दळण सारून तेथें दुकानचें पीठ ठेविलें. जादा सोय गेली व संकेतस्थळ उघडेना. दोष सर्वस्वीं आमचा. घरीं बांधलेलें पॅकेज 'पीकेजी लॉक'नें राखावयास हवें होतें. मात्र कुलूप लाविलेल्यास दुरुस्तीहि आपोआप मिळत नाहीं. म्हणून 'पीकेजी ऑडिट' रोज पाहावें लागतें. ज्ञात दोष असलेलीं पॅकेजें तें दाखवितें. पोर्ट्स व तयार पॅकेजें एकाच शाखेचीं असावींत, हेंहि आम्हांस उशिराच उमगलें. तयार पॅकेजें त्रैमासिक शाखेचीं व सोर्स अगदीं ताजा, असें झालें म्हणजे एकाचें दुसऱ्याशीं जमत नाहीं.

सांप्रत आम्ही बहुतेक सर्व पॅकेजें तयारच घेतों. जीं आपल्याच प्रमाणानें हवींत, तीं 'पूद्रिएर' या साधनानें एका वेगळ्या यंत्रावर बांधतों, तेथेंच चालवून पाहतों, व तयार झालेली बायनरी इतर सर्व्हरांवर 'पीकेजी'नेंच पाठवितों. दळण एकाच ठिकाणीं होतें, आणि एनजिनेक्सचें कुलूप आतां काढून टाकिलें आहे.