कारागिराचा अंगठा आणि वकिलाची टक्केवारी

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत सीझनला चामडी चपलांची दुकाने गजबजलेली असतात. त्या चपलांमागे कारागिरांचे हात आहेत, आणि कटिंग प्रेसखाली सापडणारेही तेच हात. हॉटेलच्या भटारखान्यात भाजणारा आचारी किंवा घाटात जायबंदी होणारा पगारी ड्रायव्हर यांची कथा वेगळी नाही. अपघातानंतर नातेवाईक वकील शोधू लागतात. त्यावेळी "आता काही देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के द्या" असे कोणी म्हटले, की घरच्यांना हायसे वाटते. तिथेच सावध व्हावे.

मुळात मिळते किती ते पाहा. मजुरी महिना १२ हजार, वय ३० आणि अंगठा गेला, तर साठ टक्के मजुरी म्हणजे ७,२००. तिला वयाचा गुणक २०७.९८ आणि अंगठ्याचे ३० टक्के. हिशेब सुमारे ४ लाख ४९ हजार रुपये होतो. दवाखान्याचा खर्च वेगळा. यातले तीस टक्के म्हणजे १ लाख ३४ हजारांवर. हा हिशेब कायद्यातल्या कोष्टकातला आहे, वकिलाच्या करामतीतला नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमाने वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरविता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. अमेरिकेत सरकारी नोकरांच्या भरपाईसाठी १९१६ चा कायदा आहे. तिथेही टक्केवारीची फी चालत नाही, फीला खात्याची मंजुरी लागते.

मग वकील कसा निवडावा? जो पहिल्या भेटीत मजुरीचा पुरावा, हजेरी, दवाखान्याचे कागद आणि मालकाला अपघाताची लेखी खबर दिली का हे विचारतो, तो या कामातला. फी ठरावीक असावी, लेखी असावी, पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये, आणि रक्कम आपल्याच खात्यात यावी. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग यांना साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही कामगारातर्फे उभा राहू शकतो. परप्रांतीय कारागिराला आपल्या गावच्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावाच. ई.एस.आय. लागू असेल तर मात्र भरपाई तिकडूनच मिळते.

१९२३ चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

आता दुकानदार बंधूंसाठी. कामगार दगावला तर चार बुजुर्गांसमोर पन्नास हजार देऊन कागद करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. नियत चांगली असेल, पण कायदा ती भरपाई धरत नाही. रक्कम सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, नाहीतर दोनदा भरण्याची पाळी येते. महिन्यात न भरल्यास १२ टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड. सीझनपुरती तीन माणसे ठेवणाऱ्यानेही कामगार भरपाईचा विमा उतरवून ठेवावा आणि मजुरीची वही दुकानातच ठेवावी.