कच्चें चित्र व पक्कें चित्र

रावेर, सावदें, फैजपूर या बाजूस केळीचे घड उतरविण्याचें काम चालू असतां जो क्षणभर उभा राहिला असेल, त्यास एक गोष्ट ठाऊक असेलच. बागेंतून निघणारा घड हिरवा असतो. तो हिरवाच गाडींत भरितात, हिरवाच दूरच्या शहरीं पोहोंचतो, आणि तेथील व्यापारी गिऱ्हाइकांची गरज पाहून तो पिकवितो. बागेंतच पिकलेला घड खावयास गोड खरा, पण तो लांबचा प्रवास सोसत नाहीं. आणि एकदां पिकलेलें केळें पुन्हां हिरवें करणें कोणासहि साधलेलें नाहीं.

आजच्या कॅमेऱ्यांतूनहि असाच दोन प्रकारचा माल निघतो. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं कॅमेरा आहे, आणि फोनमधला कॅमेरा तर बहुतेक सर्वांच्या घरीं आहे. आपण बटण दाबतों तेव्हां बहुधा आपल्या हातीं पिकलेलें चित्र येतें. त्यास जेपेग म्हणतात. त्याच्या मागें जें हिरवें, म्हणजे कच्चें चित्र असतें, त्यास रॉ असें नांव आहे. पुष्कळ कॅमेरे व कांहीं फोनहि मागितल्यास तें आपणांस देतात; न मागितल्यास पक्कें चित्र तयार होतांच तें टाकून देतात. हें कच्चें चित्र म्हणजे काय, तें कसें हाताळावें आणि त्याची एवढी मातब्बरी कां, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून कळली नाहीं; स्वतःच्या चुकीनें कळली. कांहीं वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत आम्ही विद्यार्थ्यांसमवेत जळगांवाहून अजिंठ्याच्या लेण्यांस गेलों होतों. अंतर सुमारें ६० किलोमीटर. बरोबर दोन कॅमेरे होते. आमचा कॅमेरा आम्हीं केवळ जेपेगवर ठेविला होता, कारण तशानें चित्रें अधिक मावतात. दुसरा कॅमेरा एका विद्यार्थ्याच्या हातीं होता. त्यानें रॉ व जेपेग अशीं दोन्ही चित्रें राखण्याची सोय केली होती. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत गाभाऱ्याच्या डाव्या बाजूस पद्मपाणीचें जगप्रसिद्ध चित्र आहे. तेथें फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. आंत मंद उजेड, आणि दाराबाहेर डोळे दिपविणारें ऊन. घरीं येऊन पाहतों तों आमच्या चित्रांत पद्मपाणीची मुद्रा नारिंगी झालेली, आणि भोंवतालच्या आकृती काळ्या डागांत बुडालेल्या. संगणकावर त्या उजळूं गेलों, तर आकृतींऐवजीं चौकोनी ठिगळें वर आलीं. विद्यार्थ्याच्या जेपेगचीहि तीच गत होती. परंतु त्याच्या रॉ चित्रांतून रंग ठिकाणावर आले, आणि काळोखांतून मागच्या आकृती एकेक करून दिसूं लागल्या. भिंत एकच, उजेड एकच. फरक एवढाच कीं, त्यानें कच्चा माल राखिला होता व आम्हीं तो टाकून दिला होता.

आतां हा कच्चा माल कसा तयार होतो तें पाहूं. भिंगाच्या मागें सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो. त्यास सेन्सर म्हणतात. त्यावर लक्षावधि सूक्ष्म खळगे असतात. पाऊस पडत असतां अंगणांत ओळीनें वाट्या मांडून ठेवाव्या आणि मग प्रत्येकींत किती पाणी सांचलें तें मोजावें, तसा हा प्रकार आहे. येथें पाण्याच्या जागीं प्रकाश. १९७५ सालीं कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन यांनीं जो पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यांत असे अवघे १० हजार खळगे होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत हेच खळगे २ कोटि ४० लक्ष असतात.

परंतु खळग्यास प्रकाश किती तें कळतें. रंग कोणता तें कळत नाहीं. यावर कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांनीं युक्ति काढिली व १९७६ सालीं तिचें पेटंट मिळविलें. प्रत्येक खळग्यावर त्यांनीं एकेका रंगाची बारीक गाळणी बसविली. चार खळग्यांपैकीं दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी, एकावर निळी. हिरव्यास दुप्पट वांटा देण्याचें कारण, आपला डोळा बारकावे मुख्यतः त्याच प्रकाशांत टिपतो. म्हणजे वरील कॅमेऱ्यांत १ कोटि २० लक्ष खळगे हिरवा प्रकाश मोजतात, आणि तांबडा व निळा प्रत्येकीं ६० लक्ष. या सर्व मापांची वही म्हणजे रॉ. तें खरें पाहतां चित्र नव्हेच, तें मोजमाप आहे. प्रत्येक ठिकाणीं एकाच रंगाचें माप झालेलें असतें; उरलेले दोन रंग शेजारच्या खळग्यांवरून हिशेबानें काढावे लागतात. हा हिशेब करून पाहण्याजोगें चित्र बनविणें, यासच आम्ही पिकविणें म्हणतों.

जेपेग घेतांना हें काम कॅमेरा स्वतः करितो व पापणी लवण्याच्या आंत उरकतो. तो रंग भरितो, पांढरें कशास म्हणावें तें ठरवितो, उजेड व सावली यांचा मेळ घालितो, कडा धारदार करितो, आणि शेवटीं चित्राची घडी करून तें लहान करितो. ही घडी करण्याची रीत १९९२ सालीं सर्वमान्य झाली. तींत चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून, डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकितात. आमच्या चित्रांत वर आलेलीं ठिगळें हींच. लग्नसमारंभाचें चित्र आप्तांस तात्काळ धाडावयाचें असेल तर यांत वावगें कांहींच नाहीं. पण कॅमेऱ्याचा निर्णय चुकला, तर त्यावर अपील उरत नाहीं.

या व्यवहारांत मुख्यतः दोन गोष्टी गमावतात. पहिली, छटांची श्रीमंती. जेपेगमध्यें प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात. रॉ १२ बिटांचें असल्यास ४,०९६ व १४ बिटांचें असल्यास १६,३८४. थोड्या पायऱ्यांचा जिना ताणून उंच केला तर पायऱ्यांमधील अंतर डोळ्यांत भरतें. पुष्कळ पायऱ्यांचा जिना ताणला तरी चढ सलग वाटतो. दुसरी गोष्ट, उजेडाचा रंग. केळीच्या बागेंत उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर हिरवी झांक पडते, पिवळ्या दिव्याखालीं सर्व कांहीं पिवळें दिसतें. आपला मेंदू हा फरक आपोआप भरून काढितो. कॅमेऱ्यास तो अंदाजानें काढावा लागतो. जेपेगमध्यें तो अंदाज रंगांत मिसळून जातो. रॉमध्यें तो वहीच्या समासांत लिहिलेल्या टिपणासारखा असतो. पटला तर घ्यावा, न पटला तर खोडून दुसरा लिहावा, आंतील मापांस धक्का लागत नाहीं.

मात्र रॉ म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. वाटी भरून वाहूं लागली म्हणजे पुढें किती पाऊस पडला तें तीवरून कळत नाहीं. त्याचप्रमाणें प्रकाशानें खळगा ओसंडला कीं तेथें कोरी पांढरी जागा राहते, व ती कोणत्याहि उपायानें भरून येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रांत पद्मपाणी सांपडला, पण दाराबाहेरील डोंगर कायमचा हरवला. उलट ज्या वाटींत दोनचारच थेंब पडले, तिचें माप भरंवशाचें नसतें. म्हणून फार काळोखाचा भाग उजळला तर वाळू पेरल्यासारखे दाणे दिसतात. सबब खळगा ओसंडूं न देतां जितका प्रकाश घेतां येईल तितका घ्यावा, हा नियम विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रकाशाचा आलेख दिसतो. तो उजव्या भिंतीस आदळून तुटत नाहीं ना, एवढें पाहिलें म्हणजे झालें.

प्रत्यक्ष काम करूं इच्छिणाऱ्यांसाठीं थोडीं व्यवहाराचीं सूत्रें देतों. आरंभीं कॅमेरा रॉ व जेपेग या दोहोंवर ठेवावा. एक दाखविण्यास, एक राखण्यास. नव्या उजेडांत गेल्यावर एक चित्र करड्या रंगाच्या कार्डाचें घ्यावें. मागाहून त्या करड्यास करडें करून घेतलें कीं त्या उजेडांतील सर्व चित्रांचे रंग ठिकाणावर येतात. संगणकावर डार्कटेबल व रॉथेरपी हीं साधनें विनामूल्य मिळतात. त्यांत आधीं उजेडाचा रंग, मग एकंदर प्रकाश, मग सावल्या आणि सर्वांच्या शेवटीं कडांची धार, असा क्रम ठेवावा. जागा अधिक लागते हें खरें. २ कोटि ४० लक्ष खळगे व प्रत्येकाचे १४ बिट, म्हणजे सुमारें ४२ मेगाबाइट एका चित्रास, आणि फाईल दाबून ठेविली तर त्याहून कमी. म्हणून प्रत्येक सहलीनंतर निवड करावी. दहा सारख्या चित्रांपैकीं एक ठेवावें, पण जें ठेवावें तें कच्चें ठेवावें, व दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवावें.

ही साधनें काम करितांना मूळ फायलीस स्पर्श करीत नाहींत. आपण केलेला फेरफार तीं निराळ्या टिपणांत लिहून ठेवितात, आणि मूळ व टिपण मिळून नवें चित्र काढून देतात. या रीतीचें मोल किती, तें अजिंठ्याच्याच भिंती सांगतात. १८४४ पासून मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यांनीं तेथें राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें टांगल्या होत्या; १८६६ च्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. गिल पुढें कॅमेराहि वापरूं लागले. १८७९ सालीं ते वारले व त्यांची कबर आपल्या भुसावळासच आहे. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें पुन्हां नकला केल्या. १८८५ सालीं लंडनमध्येंच लागलेल्या दुसऱ्या आगींत त्यांतीलहि पुष्कळ गेल्या. हानि मोठी खरी, पण मूळ भिंत उभी होती, म्हणून नकला पुन्हां करितां आल्या.

याहून खेदाची गोष्ट निराळी आहे. नकला काढितांना रंग उठून दिसावे म्हणून कित्येक ठिकाणीं मूळ चित्रांवरच वार्निश लाविलें गेलें. पुढें १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें इटलींतून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं चित्रें भिंतीस धरून राहावीं म्हणून लाखेचा लेप दिला. हेतु सर्वांचा चांगलाच होता. पण तो लेप कालांतरानें पिवळा पडला, आणि तो मूळ रंगांस न दुखवितां काढणें हें मागाहून आलेल्यांस वर्षानुवर्षांचें कष्टाचें काम होऊन बसलें. नक्कल जळाली तर दुसरी करितां येते. मुळावर चढविलेला लेप सहजासहजी उतरत नाहीं.

हाच धडा धुळ्यासहि मिळतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांवीं हिंडून जुने कागद मिळविले व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें २२ खंड प्रसिद्ध केले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास वारले, आणि १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. ऐकीव बखरीपेक्षां अस्सल कागद मोठा, ही दृष्टि त्यांनीं महाराष्ट्रास दिली. रॉ हा छायाचित्राचा अस्सल कागद आहे. यांत एक सावधगिरी मात्र हवी. ते कागद बहुतेक मोडींत आहेत, व मोडी वाचणारे आज थोडे. कॅमेऱ्याच्या प्रत्येक कंपनीचीहि स्वतःची मोडी आहे. कॅननची एक, निकॉनची दुसरी, सोनीची तिसरी. पन्नास वर्षांनीं ती वाचणारें साधन असेल कीं नाहीं, हें कोणीं सांगावें? यास्तव अडोबी कंपनीनें २००४ सालीं डीएनजी नांवाची एक खुली लिपि प्रसिद्ध केली. महत्त्वाच्या चित्रांची एक प्रत तींत करून ठेवणें शहाणपणाचें आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. ज्याच्या हातीं कच्चें चित्र आहे, त्याच्या हातीं मोठी सत्ता आहे. पद्मपाणीचा रंग आम्ही वाटेल तितका भडक करूं शकतों. चित्र देखणें होईल, पण भिंतीविषयीं तें खोटी साक्ष देईल. या भीतीनें रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें २०१५ सालीं आपल्या बाहेरील छायाचित्रकारांस कळविलें कीं, रॉवरून बनविलेलीं चित्रें पाठवूं नयेत, कॅमेऱ्यानें दिलेलें जेपेगच पाठवावें. उलट वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक स्पर्धेंत शेवटच्या फेरींत मूळ फायली मागवून त्यांच्याशीं चित्रें ताडून पाहतात. एकास कच्चें चित्र फसवणुकीचें साधन वाटतें, दुसऱ्यास तेंच सत्याची कसोटी वाटतें. दोघांचेंहि बरोबर आहे. माल कच्चा असतो; तो कसा पिकवावा, हें पिकविणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतें.

विद्यार्थ्यांनो, आपल्या घरीं आजीचा हात, आजोबांचें शेत, पडावयास आलेला जुना वाडा अशीं चित्रें तुम्ही घेत असाल. त्यांतील एकेक गोष्ट उद्यां नसेल, आणि चित्र तेवढें राहील. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, जागा वाचविण्यासाठीं मुलांच्या फायली पुसण्यापूर्वीं त्यांत अस्सल कोणतें व नक्कल कोणती, एवढें मुलांस विचारावें. आम्हीं विचारिलें नाहीं. अजिंठ्याचीं आमचीं तीं चित्रें अजून आमच्यापाशीं आहेत, आणि पद्मपाणी त्यांत अद्याप नारिंगीच आहे.