वंशावळीत नसलेली खापरपणजी

एकोणिसाव्या शतकातल्या खापरपणजीचा शोध वंशावळीपासून सुरू केला, की तो पहिल्याच पानावर अडतो. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी शाखा खाली उतरत जाते. बायकांना तिथे जागाच नसते. पुढे विसाव्या शतकात छापलेल्या कुलवृत्तांतांनी भार्येचं नाव दिलं, पण तेही बहुधा सासरचं. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली, मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाली. त्या नावारूपाला आल्या म्हणून त्यांची माहेरची नावं उरली. बाकीच्यांची हवी असतील, तर माहेरच्या घराण्याचे कागद धुंडाळावे लागतात.

घरातला सगळ्यात भरवशाचा कागद श्राद्धाचा. आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांच्या स्त्रियांची नावं गोत्रासह उच्चारायची असल्यामुळे कुणीतरी ती टिपून ठेवलेली असतात. तिथे सीताबाईची ‘सीतादा’ होते, एवढं ध्यानात ठेवावं. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, तिचं श्राद्ध होत असेल, तर ती नवऱ्याआधी गेली हे नक्की. मृत्युतिथीपुढे शके 1799 असेल, तर त्यात 78 मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धातली किंवा माघ-फाल्गुनातली असेल तर 79. म्हणजे 1877-78, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नोंद सापडते, आणि सोबत आलेल्या आईचं नावही कधीकधी हाती लागतं.

सवाष्ण बाई सरकारी दप्तरात फारशी दिसत नाही. दिसते ती विधवा. हे मला या साऱ्या शोधातलं सगळ्यात बोचरं सत्य वाटतं. नवरा गेला की वतनाचा, इनामाचा, पोटगीचा प्रश्न उभा राहतो आणि मग तिचं नाव कागदावर येतं: ‘लक्ष्मीबाई कोम गणेश’, म्हणजे गणेशची बायको. मुंबई इलाख्यात विभक्त कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, म्हणून दत्तकपत्रं आणि त्यावरून झालेले भाऊबंदकीचे दावे जरूर पाहावेत. अशा कागदांत तिचं म्हणणं, निदान कारकुनाच्या भाषेत का होईना, वाचायला मिळतं. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावापुढे सहीऐवजी बांगडीची निशाणी काढलेली असे. हे कागद बहुधा मोडी लिपीत असतात; ती वाचता येत नसेल, तर जाणकाराला पूर्ण कागद वाचायला सांगावं, नुसतं नाव नव्हे; साक्षीदारांत तिचा भाऊ निघाला, की माहेरचं आडनाव मिळालंच.

घरची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही असेल, तर ती ओळ न ओळ वाचावी. डिंक, खारीक, तूप आणि सुईणीची बिदागी एकाच पंधरवड्यात आली, की बाळंतपण. बारशाचा खर्च मागोमाग दिसत नसेल, तर काय झालं असावं याचा अंदाज करता येतो, खात्री मात्र नाही.

ज्या घरांत असे कागद नाहीत, त्यांनी हताश होऊ नये. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी कुळांच्या पिढ्या सांगत गावोगाव फिरत आले आहेत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचा आधार आहे. तिथे आईचं नाव असतंच. आणि शेतजमीन असलेल्या कुणालाही तलाठ्याकडचे किंवा तहसिलातले जुने फेरफार पाहता येतात. एकोणिसाव्या शतकात जन्मलेली बाई विसाव्याच्या पहिल्या दशकांत हयात असेल, तर वारस म्हणून तिचं नाव तिथे लागलेलं असू शकतं.